ब्रॉयलर खाद्यात सोया डीओसीऐवजी दुसरी पेंड वापरताना

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली, तेव्हा सोया डीओसीच्या, म्हणजे तेल काढून घेतलेल्या सोयाबीन पेंडीच्या, भावाने कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडलेले होते. त्या काही महिन्यांत स्वतःचे खाद्य स्वतः दळणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनी शेंगदाणा, सूर्यफूल, सरकी, तीळ अशी मिळेल ती पेंड खाद्यात घालून पाहिली. काहींचे भागले, काहींच्या पक्ष्यांची वाढच खुंटली. दोघांमधला फरक नशिबाचा नव्हता. कोणती पेंड, किती, कोणत्या वयात आणि कशाच्या जोडीला दिली, यावर तो अवलंबून होता. हा लेख या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रातील बहुतेक ब्रॉयलर शेड आज करार पद्धतीवर चालतात. तेथे पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते. करारात असलेल्या शेतकऱ्याने कंपनीच्या खाद्यात स्वतःहून काहीही मिसळू नये. त्याने करार मोडतो आणि कंपनीने पूर्ण संतुलित करून दिलेले खाद्य बिघडते. पुढचे सारे स्वतंत्र कुक्कुटपालकांसाठी आहे, ज्यांच्याकडे स्वतःचा दळण-मिक्सर आहे किंवा जे गावातील खाद्य गिरणीतून आपल्या सूत्राप्रमाणे खाद्य बनवून घेतात.

पहिली पायरी : सोया डीओसी नेमके काय देते, हे समजून घ्यावे

गोणीवर लिहिलेली प्रथिनांची टक्केवारी पाहून पेंड विकत घेणे ही नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक असते. कोंबडीला प्रथिने प्रथिने म्हणून लागत नाहीत. तिला प्रथिनांतील अमिनो आम्ले लागतात आणि त्यांत लायसिन व मेथिओनिन ही दोन सर्वांत आधी कमी पडतात. चांगल्या सोया डीओसीत सुमारे ४५ टक्के प्रथिने आणि २.८ टक्के लायसिन असते आणि त्यातील ९० टक्क्यांच्या आसपास लायसिन पक्ष्याला पचते. शेंगदाण्याच्या डीओसीतही प्रथिने जवळपास तेवढीच, ४५ टक्के, असतात. परंतु त्यात लायसिन साधारण १.५ टक्केच असते आणि त्याचे पचनही सोयापेक्षा कमी होते. म्हणजे कागदावर दोन्ही गोण्या सारख्या दिसत असल्या, तरी पक्ष्याच्या छातीवर मांस चढवण्याच्या कामी शेंगदाण्याची गोणी सोयाच्या निम्म्यानेच उपयोगी पडते.

म्हणून पेंडीची तुलना नेहमी पचनीय लायसिनवर करावी. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या कुक्कुट खाद्याच्या मानकात ब्रॉयलर प्री-स्टार्टरसाठी (अगदी सुरुवातीचे खाद्य) २३, स्टार्टरसाठी (त्यानंतरचे) २२ आणि फिनिशरसाठी (शेवटच्या टप्प्याचे) २० टक्के प्रथिने सांगितली आहेत, पण त्याच तक्त्यात लायसिन आणि मेथिओनिनच्या किमान पातळ्याही दिलेल्या असतात. तक्त्यातील प्रथिनांच्या ओळीवर न थांबता त्या ओळीही वाचाव्यात.

दुसरी पायरी : आपल्या भागात मिळणारी पेंड ओळखावी

बाजारात पेंड दोन प्रकारांनी येते. घाण्यातून किंवा एक्सपेलरमधून निघालेल्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल शिल्लक असते. तिला ऊर्जा जास्त असते, मात्र ती लवकर खवट होते. द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीला आपण डीओसी म्हणतो. तिच्यात तेल १ टक्क्याच्या आसपास राहते, ती जास्त टिकते आणि तिच्या प्रत्येक लॉटचा दर्जा तुलनेने सारखा असतो. नवख्याने शक्यतो डीओसीपासूनच सुरुवात करावी.

शेंगदाणा पेंड चवीला उत्तम असते आणि पक्षी ती आवडीने खातात. तिचे दोन दोष आहेत : लायसिन-मेथिओनिनची कमतरता आणि बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन. या विषाचा शोधच मुळी शेंगदाणा पेंडीतून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले आणि त्याचे कारण ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडले. ब्रॉयलर टर्कीइतका नाजूक नसला, तरी कमी प्रमाणातील विषानेही त्याचे यकृत पिवळट पडते, वाढ मंदावते आणि लसीचा परिणाम कमी होतो. हे विष भाजण्याने, वाफवण्याने किंवा पेलेट बनवण्याने नष्ट होत नाही, आणि पेंड उन्हात वाळवल्याने नवी बुरशी थांबली तरी आधी तयार झालेले विष तसेच राहते. चांगला लॉट मिळाला, तर फिनिशरमध्ये शेंगदाणा डीओसी ५ ते १० टक्क्यांपर्यंत वापरता येते.

तीळ पेंड हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे. तिच्यात लायसिन १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे कमीच असते. पण मेथिओनिन मात्र १ टक्क्याहून थोडे अधिक असते आणि तेथे ती सोयालाही मागे टाकते. त्यामुळे शेंगदाण्याची मेथिओनिनची उणीव भरून काढण्यासाठी तिच्यासारखी जोडीदार नाही. तिळाच्या टरफलात ऑक्झलेट आणि एकूण पेंडीत फायटेट भरपूर असते, जे कॅल्शिअम, जस्त आणि फॉस्फरस अडकवून ठेवते. म्हणून तीळ पेंड वापरताना फायटेट फोडणारे फायटेज एन्झाइम घालावे, खनिज मिश्रणात जस्त पुरेसे आहे याची खात्री करावी आणि प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवावे.

सूर्यफूल पेंडीत कोणतेही मोठे विष नसते, हा तिचा मोठा गुण आहे. तिचा दोष तंतुमय पदार्थ हा आहे. टरफलासह दळलेल्या पेंडीत प्रथिने २८ ते ३० टक्के आणि तंतू २५ टक्क्यांच्या घरात असतात, तर टरफल काढलेल्या पेंडीत प्रथिने ३५ टक्क्यांच्या पुढे जातात. पहिली गायीम्हशींसाठी ठीक आहे. ब्रॉयलरसाठी दुसरीच विचारावी. तिच्यात ऊर्जाही सोयापेक्षा कमी असल्याने ५ टक्के सूर्यफूल पेंड घातली, तर खाद्याची ऊर्जा किलोमागे अंदाजे ३० ते ४० किलो कॅलरीने घटते आणि ती भरून काढण्यासाठी मक्याच्या जागी अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त तेल वाढवावे लागते. हे तेल हिशेबात धरले नाही, तर स्वस्ताई फक्त कागदावरच राहते.

सरकीबद्दल विदर्भातील वाचकांना अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे सरकी ढेप हाताशी असते. गुरांसाठी मिळणारी ही ढेप टरफलासह असते, तिच्यात प्रथिने २० ते २४ टक्के आणि तंतू भरपूर असतात; ती ब्रॉयलरच्या खाद्यात घालूच नये. टरफल काढलेली, ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेली सरकी डीओसी मिळाली, तरच विचार करावा. सरकीच्या बियांतील गॉसिपॉल हे पिवळे द्रव्य पेंडीत मोकळ्या आणि बद्ध अशा दोन रूपांत राहते. मोकळे गॉसिपॉल पक्ष्याला अपायकारक असते, तर प्रक्रियेतील उष्णतेने बद्ध झालेले गॉसिपॉल लायसिनला बांधून ठेवते आणि लायसिनचे पचन कमी करते. ब्रॉयलरच्या संपूर्ण खाद्यात मोकळे गॉसिपॉल किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या बरेच खाली ठेवावे. समजा, प्रयोगशाळेच्या अहवालात मोकळे गॉसिपॉल ०.०५ टक्के आले आणि १०० किलो खाद्यात आपण ५ किलो सरकी डीओसी घातली, तर खाद्यात एकूण २.५ ग्रॅम, म्हणजे किलोमागे २५ मिलिग्रॅम गॉसिपॉल येते. ते निष्प्रभ करण्यासाठी त्याच्या वजनाच्या एक ते दोन पट लोह द्यावे लागते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यात सुमारे २० टक्के लोह असल्याने या उदाहरणात १२.५ ते २५ ग्रॅम हिराकस पुरतो. ज्यांच्या शेडजवळ अंडी देणाऱ्या कोंबड्याही आहेत, त्यांनी हे खाद्य त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नये, कारण गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि सरकीच्या तेलातील काही मेदाम्लांमुळे पांढरा भाग गुलाबी पडतो.

मोहरी पेंडीत ग्लुकोसिनोलेट असल्याने तिची चव कडवट असते आणि थायरॉइड ग्रंथीवर तिचा ताण येतो. भारतीय मोहरीत हे प्रमाण कॅनोला या मोहरीवर्गातील परदेशी पिकापेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून कॅनोलाविषयी वाचलेले प्रमाण आपल्या मोहरीला लावू नये. जवसाच्या पेंडीत चिकट द्रव्य आणि ब जीवनसत्त्वाच्या बी-६ या प्रकाराला विरोध करणारा घटक असतो. नवख्याने ती टाळलेलीच बरी. गवार कोरमा, म्हणजे गवारीच्या बियांतून गोंद काढल्यावर उरलेला भाग, प्रथिनांनी समृद्ध, ५० टक्क्यांच्या वर असतो, पण त्यातील उरलेल्या गोंदामुळे विष्ठा चिकट होते आणि शेडमध्ये पक्ष्यांखाली पसरलेले तूस ओले राहते, तो २.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. टरफलासह असलेली करडई पेंड तंतूंमुळे बाद होते. एरंडी, करंज, मोह आणि कडुनिंब यांची पेंड मात्र कोणत्याही भावात, कोणत्याही प्रमाणात ब्रॉयलरला देऊ नये. एरंडीतील रायसिन हे विष तेलात न जाता पेंडीतच राहते.

तिसरी पायरी : लॉट विकत घेण्यापूर्वी तपासावा

पेंडीची गोणी उघडल्यावर आधी वास घ्यावा. कुबट वास, गाठी, हिरवट-करडी पावडर किंवा हाताला जाणवणारा ओलावा असेल, तर व्यापाऱ्याशी घासाघीस न करता तो लॉट सोडून द्यावा. मूठभर पेंड काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ढवळावी. तळाशी बसलेली वाळू डोळ्यांना दिसते. त्यानंतरचे काम प्रयोगशाळेचे आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या पशुपोषण विभागात किंवा एखाद्या खासगी प्रयोगशाळेत ओलावा, प्रथिने, तंतू, आम्लात न विरघळणारी राख (म्हणजे वाळू-माती) आणि अफ्लाटॉक्सिन यांची तपासणी करून घ्यावी. सोबत युरियाचीही तपासणी मागावी. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. त्यामुळे कोणी पेंडीत युरिया मिसळला, तर अहवालात प्रथिने वाढलेली दिसतात, पक्ष्याला मात्र त्यातून काहीच मिळत नाही.

नमुना कसा घेतला जातो, यावर अहवालाची किंमत ठरते. बुरशीचे विष गोणीभर सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यात ते खूप असू शकते आणि बाकी गोणी स्वच्छ असू शकते. म्हणून जास्तीत जास्त गोण्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी पेंड काढून ती एकत्र मिसळावी आणि त्यातून अर्धा किलोचा नमुना पाठवावा. पावसाळ्यात एकदा मी स्वतः फक्त वरच्या दोन गोण्यांतून नमुना घेतला, अहवाल चांगला आला आणि चौथ्या आठवड्यात मेलेल्या पक्ष्यांची यकृते पिवळी निघाली. तेव्हापासून एकाही गोणीला मी वगळत नाही.

मानकानुसार तयार खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ अब्जात २० भागांपेक्षा जास्त नसावे. येथे मका विसरू नये. १०० किलो खाद्यात ६० किलो मका असेल आणि त्यात अब्जात १५ भाग विष असेल, तर मक्याकडूनच ९ भाग येतात. त्यात १०० भाग विष असलेली शेंगदाणा पेंड १० टक्के घातली, की आणखी १० भागांची भर पडून बेरीज १९ होते. दोन्ही माल एकेकटे चालण्यासारखे वाटतात, पण एकत्र आले की आपण काठावर उभे असतो. टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष बांधून ठेवणारा पदार्थ, घालावा, मात्र त्याच्या भरवशावर खराब लॉट विकत घेऊ नये.

चौथी पायरी : सूत्र बदलावे

समजा, आपल्या फिनिशर खाद्याच्या १०० किलोंत ३२ किलो सोया डीओसी आहे. त्यातून ८ किलो काढून त्या जागी ५ किलो शेंगदाणा डीओसी आणि ३ किलो तीळ पेंड घालायची आहे. प्रथिनांचा हिशेब केला, तर ८ किलो सोयातून ३.६ किलो प्रथिने जातात आणि नव्या दोन पेंडींतून सुमारे ३.५ किलो येतात. म्हणजे प्रथिने जवळपास तेवढीच राहतात. परंतु सोयाबरोबर सुमारे २०० ग्रॅम पचनीय लायसिन जाते आणि बदल्यात शेंगदाण्यातून ६० व तिळातून २४, असे मिळून ८४ ग्रॅमच येते. तूट साधारण ११८ ग्रॅमची पडते. बाजारात मिळणाऱ्या एल-लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये ७८ टक्के लायसिन असल्याने ही तूट भरण्यासाठी आधीच्या मात्रेच्या वर १५० ग्रॅम लायसिन घालावे लागते. मेथिओनिनची तूट मात्र पडत नाही, कारण शेंगदाण्याची उणीव तीळ भरून काढतो. थ्रिओनिन हे आणखी एक अमिनो आम्ल अंदाजे ३० ग्रॅम वाढवावे. लायसिन हायड्रोक्लोराइडमधून क्लोराइड येते, त्यामुळे मिठाचा काही भाग कमी करून खाण्याच्या सोड्याने सोडिअम पूर्ण करावे.

हे आकडे सर्वसाधारण मालाचे आहेत. आपल्या लॉटचा अहवाल हातात आल्यावर हाच हिशेब त्या आकड्यांनी पुन्हा मांडावा आणि पहिल्या वेळी पशुपोषणतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

पाचवी पायरी : भावाचा हिशेब शेवटपर्यंत न्यावा

येथे मी मुद्दाम थांबतो, कारण बहुतेक लोक हिशेब अर्ध्यावर सोडतात. केवळ पद्धत समजण्यासाठी असे धरू की सोया डीओसी ४५ रुपये, शेंगदाणा डीओसी ३८, तीळ पेंड ३६, लायसिन १८० आणि थ्रिओनिन १५० रुपये किलो आहे. ८ किलो सोयाचे ३६० रुपये वाचतात. त्या जागी शेंगदाण्याचे १९०, तिळाचे १०८, लायसिनचे २७ आणि थ्रिओनिनचे साडेचार, असे सुमारे ३३० रुपये लागतात. बचत १०० किलोमागे ३० रुपये, म्हणजे किलोमागे ३० पैसे झाली. एक पक्षी फिनिशर साधारण २.२ किलो खात असेल, तर पक्ष्यामागे ६६ पैसे वाचतात.

आता दुसरी बाजू पाहू. पेंड बदलल्याने एफसीआर, म्हणजे एक किलो वजनवाढीसाठी लागणारे किलो खाद्य, फक्त ०.०२ ने बिघडला, तर २ किलोच्या पक्ष्याने ४० ग्रॅम खाद्य जास्त खाल्ले. खाद्य ३८ रुपये किलो असेल, तर ते दीड रुपयाचे होते. म्हणजे वाचले ६६ पैसे आणि गेला दीड रुपया. एवढा छोटा फरक शेडमध्ये डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून सोयाचा भाव साधारण असताना पेंड बदलण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोया ८० रुपयांवर जाते आणि बाकीच्या पेंडी त्या प्रमाणात वाढत नाहीत, तेव्हा हाच बदल पक्ष्यामागे तीन-साडेतीन रुपये वाचवू शकतो आणि थोडा बिघडलेला एफसीआरही सोसतो. सूत्र तयार ठेवावे, भाव पाहत राहावे आणि अंतर पुरेसे वाढले तरच ते वापरावे.

सहावी पायरी : वयाचे भान ठेवावे

पहिल्या १० दिवसांत पिल्लांना चांगले सोया डीओसी असलेलेच खाद्य द्यावे. त्या वयात आतड्याची वाढ चालू असते, पाचक रस कमी असतात आणि तंतू किंवा विषाचा छोटासा भारही पुढे भरून निघत नाही. ११ ते २१ दिवसांत ठरवलेल्या प्रमाणाच्या निम्मी नवी पेंड द्यावी आणि २२ व्या दिवसापासून पूर्ण प्रमाण सुरू करावे. प्रत्येक बदल तीन-चार दिवसांत पसरवावा : आधी पाव हिस्सा नवे खाद्य, मग निम्मे, मग पाऊण आणि मग पूर्ण. खाद्य एकदम बदलले, तर पक्षी एक-दोन दिवस कमी खातात आणि फिनिशरच्या काळातील तो खंड वजनात दिसतो.

सातवी पायरी : मिसळणे आणि साठवणे

१०० किलोंत १५० ग्रॅम लायसिन मिक्सरमध्ये तसेच टाकले, तर ते एका कोपऱ्यात राहते. ते आधी दोन किलो बारीक मक्याच्या भरड्यात हाताने मिसळावे, मग हे मिश्रण १० किलोंत आणि शेवटी पूर्ण मालात मिसळावे. हिराकस, एन्झाइम आणि बाइंडर यांनाही हाच नियम लागू आहे. पेंडीचे मोठे खडे दळल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकू नयेत, कारण पक्षी खडे निवडून खातात किंवा टाळतात आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळे सूत्र जाते.

पेंड लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून किमान एक फूट दूर ठेवावी. कोकणासारख्या दमट भागात आणि एकूणच पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरताच माल आणावा. घाण्याची पेंड तर त्याहूनही लवकर संपवावी.

आठवी पायरी : स्वतःच्या शेडमध्ये पडताळून पाहावे

पहिल्याच वेळी पूर्ण शेडला नवे खाद्य देऊ नये. एकाच शेडमध्ये, एकाच दिवशी आलेल्या पिल्लांचे जाळी लावून निदान दोन गट करावेत, प्रत्येकी १०० पक्षी. एका गटाला जुने आणि दुसऱ्याला नवे खाद्य द्यावे. जमल्यास प्रत्येक खाद्याचे दोन-दोन गट शेडच्या वेगवेगळ्या टोकांना ठेवावेत, म्हणजे वाऱ्याचा किंवा ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाच्या) उष्णतेचा फरक खाद्याच्या नावावर जमा होत नाही. दर सात दिवसांनी सकाळी, खाद्य देण्यापूर्वी, दोन्ही गटांचे वजन करावे आणि दिलेल्या व उरलेल्या खाद्याची नोंद ठेवावी.

वजनाबरोबर तूस पाहावे. ते ओले आणि चिकट होत असेल, तर तंतू, गोंद किंवा मीठ जास्त झाले आहे. मेलेल्या प्रत्येक पक्ष्याचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्यावे आणि यकृताचा रंग वहीत लिहावा. नव्या गटाचे वजन २८ व्या दिवशी जुन्याच्या मागे पडलेले दिसले, तर पुढच्या आठवड्यात ते भरून निघेल, या आशेवर न राहता त्याच दिवसापासून जुने खाद्य सुरू करावे.

वापरलेल्या प्रत्येक पेंडीच्या लॉटमधून अर्धा किलो नमुना हवाबंद पिशवीत, तारीख आणि गोण्यांची संख्या लिहून, बॅचचा उठाव होईपर्यंत जपून ठेवावा. बॅच बिघडली, तर कारण शोधण्यासाठी तो नमुना हाताशी असतो, आणि चांगली गेली, तर पुढचा लॉट कशाशी ताडून पाहायचा, हे त्यावरूनच ठरते.